नागीन कोणी वाजवली?

मागच्या वैशाखात मावसभावाच्या पोराची वरात होती. लाखांदूर तालुक्यातलं गाव. सूर्य बुडून अर्धा तास झाला तरी डांबरी रस्ता चपलेतून पाय भाजून राहिला होता. पुढे धुमालची, म्हणजे वरातीत वाजवणाऱ्या पार्टीची, मेटाडोर, तिच्यावर दोन पोट्टे. एकाच्या पुढ्यात ऑक्टापॅड, दुसऱ्याच्या पुढ्यात रोलँडचा कीबोर्ड, मागे जनरेटरची घरघर. नवरदेवाचे दोस्त ओरडले, "नागीन होऊ दे गा, नागीन!" त्या कीबोर्डवाल्या पोट्ट्यानं उजव्या हातानं सूर धरला, डाव्या हाताची बोटं बेंडरच्या, म्हणजे सूर वाकवायच्या, दांडीवर ठेवली आणि सूर असा काही पिळला की माझ्या बाजूला उभे असलेले आबाजी इकडेतिकडे पाहायला लागले. "पुंगीवाला कुठं बसवला गा यायनं?"

मी सांगितलं, पुंगी नाही जी, कॅसिओ आहे. (आमच्याकडे रोलँड असो की यामाहा, सगळे कॅसिओच.)

"हे नकली असन. सिनेमात तं खरी होती."

आबाजी, सिनेमातही नव्हती. 'नागीन' 1954 चा, संगीत हेमंतकुमारचं, आणि ती बीन वाजवली कल्याणजी वीरजी शाह यांनी, क्लॅव्हिओलिन नावाच्या विजेच्या वाद्यावर. सोबतीला रवी हार्मोनियमवर. हे दोघंही पुढे मोठे संगीतकार झाले, पण तेव्हा वाजवणारेच होते. क्लॅव्हिओलिन हे कॉन्स्टंट मार्टिन या फ्रेंच माणसानं 1947 मध्ये बनवलेलं यंत्र. छोटीशी पट्ट्यांची पाटी, आत व्हॉल्व्ह, एका वेळी एकच सूर. दोन पट्ट्या दाबल्या तरी एकच वाजणार. बीटल्सवाल्यांनी हे वाद्य एका गाण्यात वापरलं ते 1967 मध्ये. तोवर आपल्या इकडे त्याच्यावर तेरा वर्षांची लग्नं लागून गेली होती!

कोणी मला विचारलं की तुझा आवडता कीबोर्डवाला कोण, तर माझं पहिलं नाव कल्याणजी. लोक हसतात. त्यांना वाटतं मी परदेशातलं एखादं भारी नाव घेईन. पण सत्तर वर्षं झाली, अख्खा देश ज्या वाद्याच्या सुरावर तोंडात रुमाल धरून रस्त्यावर लोळतो, ते वाद्य कीबोर्ड आहे हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. याच्यापुढे वाजवणाऱ्यानं अजून काय करायचं?

माझं हे मत काकांमुळे बनलं. काका झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या, नाटकांत ऑर्गन वाजवायचे. धान निघालं, दिवाळी झाली, मंडई (गावोगावच्या जत्रा) सुरू झाल्या की काका घरी दिसायचे नाहीत ते थेट होळीच्या आसपास. आज या गावी शंकरपट (बैलांची शर्यत), उद्या त्या गावी मंडई, आणि रात्रभर नाटक. स्टेजच्या पुढ्यात बसून दोन्ही पायांनी भाता मारायचा आणि डोळे वर, नटाच्या तोंडाकडे. नट पद विसरला की काका तोच सूर धरून घोळवत राहायचे, त्याला आठवेपर्यंत. प्रेक्षकांना वाटायचं, वा, काय आलाप जमवला!

मला त्यांनी बारावीनंतर नागपूरहून, सीताबर्डीतून, छोटा कॅसिओ आणून दिला. मी लागलो बोटं पळवायला. आमच्या भजनी मंडळात प्रत्येक ओळीच्या मागे माझा एक तुकडा. बुवा बिचारे थांबायचे, मग शोधत बसायचे की आता कुठून उचलू. एका रात्री काका म्हणाले, "गाणाऱ्याच्या पुढं पळू नोको गा. तो धापा टाकते." त्याच रात्री लाइट गेली. सेल मी टाकले नव्हते. माझा कॅसिओ मुका झाला, काकांनी पेटी ओढली आणि भजन एक ओळही न चुकता पुढे गेलं. तेव्हा फार राग आला होता. लाइटचा नाही, पेटीचा.

पेटीचंही काय कमी झालं? 1940 मध्ये आकाशवाणीनं तिला दारातून हाकलली. कारण काय, तर बारा पक्के सूर, मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) निघत नाही, आपल्या गाण्याची नाही. 1971 मध्ये ती बंदी सैल झाली. मधल्या काळात गावोगावच्या मंडळांत, तमाशात, नाटकात ती वाजतच होती. हे आठवलं की आजकालच्या 'कीबोर्डनं सगळं मारून टाकलं' या रडगाण्यावर मी एकदम मान डोलवत नाही. अर्धी डोलवतो. डफडंवाले, सनईवाले यांची सुपारी धुमालनं नेली हे खरंच आहे. आमच्या गावच्या वाजंत्र्याचा पोरगा आज पुण्याला सिक्युरिटीत आहे. पण मींड म्हणाल, तर ती या पोट्ट्यांनी डाव्या हाताच्या दांडीवर आणून दाखवली. तीस वर्षं रेडिओवर ज्याच्यासाठी दार बंद होतं, ते हे लोक वरातीत करून राहिले.

माझ्या आवडत्या कीबोर्डवाल्यांत दुसरं नाव केरसी लॉर्ड. 'आराधना'तल्या (1969) 'रूप तेरा मस्ताना'मधला अकॉर्डियन त्यांचा. तेही पट्ट्यांचंच वाद्य, भाता फक्त छातीवर. गाणं ऐकताना अकॉर्डियनकडे कोणाचं लक्ष जाते? पण तो काढून टाका, मग बघा त्या खोलीतली सगळी ऊब कशी निघून जाते. हाच माणूस सत्तरच्या दशकात हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये मिनीमूग सिंथेसायझर घेऊन आला.

कल्याणजींचे चिरंजीव विजू शाह यांना मी वरच्याच पाटावर बसवतो. बापानं एका सुराच्या यंत्रातून नाग काढला, पोरानं 'मोहरा'च्या (1994) वेळी सिंथेसायझरमधून अख्खी वरात काढली.

बाहेरच्यांपैकी माझा जीव जडला तो रे मँझारेकवर. होस्टेलला रूममेटनं 'द डोअर्स'ची कॅसेट आणली होती. मला इंग्रजी गाणं झेपत नव्हतं, पण हे कळलं की या बँडमध्ये बेस गिटारवाला नाहीच. मँझारेक डाव्या हातानं फेंडरच्या बत्तीस पट्ट्यांच्या पियानो बेसवर बेस वाजवायचा आणि उजव्या हातानं व्हॉक्स ऑर्गन. (स्टुडिओत कधी कधी बेसवाले बोलवायचे, पण स्टेजवर हाच.) मी म्हटलं, अरे, हा तर आपल्या मंडळातला माणूस! तबलेवाला आला नाही, बासरीवाला सासुरवाडीला गेला, आणि सगळं ओझं एकट्या पेटीवाल्यावर.

स्टीव्ही वंडरचा क्लॅव्हिनेटही असाच ओळखीचा निघाला. 'सुपरस्टिशन', 1972. ती खरखर, ती टकटक मी कुठंतरी ऐकली होती. मग कळलं की त्या वाद्यात पट्टी दाबली की खालचं रबर थेट तारेवर आपटतं. म्हणजे आपल्या बेंजोचा (बुलबुलतरंगाचा) चुलतभाऊच. बेंजोचं मूळ जपानचं, त्याची बटणं टाइपरायटरसारखी. तार मात्र दुसऱ्या हातानं छेडावी लागते. त्या गाण्यात ड्रम आणि मूगवरचा बेसही स्टीव्हीचाच आहे. एकटा माणूस, पूर्ण बेंजो पार्टी.

जोरात पळणारे मला आवडत नाहीत. कीथ एमर्सन ऑर्गनच्या पट्ट्यांत सुरे खुपसायचा, सूर अडकून राहावा म्हणून. सुरांत सुरे! काकांनी पाहिलं असतं तर पोलीस पाटलाकडे गेले असते. 'डीप पर्पल' बँडच्या जॉन लॉर्डला मात्र माफ आहे. त्यानं हॅमंड ऑर्गन गिटारच्या मार्शल अँपमधून वाजवला, म्हणजे तो सरळ आमच्या धुमालवाल्यांच्या गोत्रातला.

तर वरातीनंतर पंगत बसली तेव्हा मी त्या कीबोर्डवाल्या पोट्ट्याला गाठलं. कोणाकडे शिकला? म्हणे मोबाईलवर पाहून. कीबोर्डही त्याचा नाही, सीझनपुरता भाड्यानं. मी त्याला क्लॅव्हिओलिनची सगळी कथा सांगितली. त्यानं भाताचा घास तसाच हातात धरून विचारलं, "त्याले बेंडर होता का जी?"

म्हटलं, हाताशी दांडी नव्हती. गुडघ्याशी एक दांडा होता, आवाज कमीजास्त करायला.

तो उठला. हात धुतले. मेटाडोरवर चढला, आवाज अगदी बारीक केला, डावा हात मांडीखाली दाबून ठेवला आणि नुसत्या उजव्या बोटांनी, सुराला शेजारचा सूर घासत घासत, नागीन वाजवायला लागला. तीनदा चुकला. चौथ्यांदा जमत आलं तेवढ्यात वाढप्या वरणाची बादली खाली ठेवून ओरडला,

"अबे, पंगतीत नागीन कायले सोडली!"