जोएल ऑस्टीनवर टीका जरूर करा, पण या फॉरवर्डच्या जोरावर नको

अमेरिकेतल्या ह्यूस्टनचा पास्टर जोएल ऑस्टीन मराठी व्हॉट्सॲपवर अधूनमधून उगवतो. मजकूर साधारण ठरलेला. धर्मशिक्षण नसलेल्या या माणसाने बापाची गादी बळकावली, सरकारने त्याला अख्खं स्टेडियम फुकट दिलं, २०१७ च्या महापुरात त्याने चर्चला कुलूप लावून लोकांना वाऱ्यावर सोडलं, दानपेटीतून तो कोट्यवधींचा पगार उचलतो, कोविडमध्ये सरकारचे ४४ लाख डॉलर गिळले आणि चर्चच्या संडासाच्या भिंतीतून त्याचा काळा पैसा निघाला. खाली 'डोळे उघडा' आणि हात जोडलेल्या इमोजी.

मला ऑस्टीनचं प्रवचन पचत नाही. श्रद्धा ठेवा, मग नोकरी, घर, तब्येत सगळं मार्गी लागेल, हा त्याचा बारमाही सूर. पण माणूस आवडत नाही म्हणून त्याच्या नावावर काहीही खपवायचं?

आधी गादीचं बघू. जॉन ऑस्टीन या मूळच्या बाप्टिस्ट पास्टरने १९५९ मध्ये पशुखाद्याच्या एका जुन्या दुकानात लेकवुड चर्च सुरू केलं. मुलगा जोएल ओरल रॉबर्ट्स विद्यापीठातलं शिक्षण अर्धवट टाकून परतला, तो थेट कॅमेऱ्यामागे. बापाच्या प्रवचनांचं टीव्हीसाठी चित्रण आणि संकलन, हेच त्याचं सतराएक वर्षांचं काम. धर्मशास्त्राची पदवी त्याच्याकडे नाही, एवढं फॉरवर्डमधलं खरं. पहिलं प्रवचन त्याने १७ जानेवारी १९९९ ला दिलं, तेही वडील इस्पितळात होते म्हणून. त्या दिवशी आपण वडिलांचेच बूट घातले होते, असं तो सांगतो. सहा दिवसांनी वडील गेले आणि त्याच वर्षी चर्चची धुरा त्याच्याकडे आली. घराणेशाही म्हणायचं तर खुशाल म्हणा, पण बळकावायला तिथे दुसरा कोणी दावेदार उभा नव्हता.

स्टेडियम म्हणजे जुनं 'समिट', पुढचं कॉम्पॅक सेंटर. ह्यूस्टन रॉकेट्स हा बास्केटबॉलचा संघ २००३ पर्यंत तिथे खेळायचा. संघ नव्या टोयोटा सेंटरमध्ये जाणार म्हटल्यावर शहराने ही जागा तीस वर्षांच्या भाडेपट्ट्याने लेकवुडला दिली. त्याचे १ कोटी १८ लाख डॉलर चर्चने मोजले, नूतनीकरणावर ९ कोटींच्या वर घातले आणि जुलै २००५ मध्ये सुमारे १६ हजार आसनांचं चर्च उघडलं. २०१० मध्ये नगर परिषदेने बहुमताने तीच इमारत ७५ लाख डॉलरला चर्चला विकली. शहराच्या मोक्याच्या भागातल्या एवढ्या वास्तूला ही किंमत कमी वाटते, आणि तसं तेव्हाही बोललं गेलं. पण वाद घालायचा तर किमतीवर घाला. 'फुकट'ला आधार नाही.

आता पूर. सगळ्यात जास्त फिरलेला आरोप हाच, आणि सरळ खोटा म्हणून झटकता येईल असा तो नाही. हार्वे वादळ शुक्रवारी, २५ ऑगस्टला टेक्ससच्या किनाऱ्यावर आलं. रविवारची उपासना रद्द झाली आणि पुरामुळे चर्चपर्यंत पोचता येत नाही असं चर्चकडून सांगितलं गेलं. लगेच लोकांनी इमारतीबाहेरच्या कोरड्या रस्त्याचे फोटो टाकले. उत्तरादाखल चर्चकडून तळाच्या पार्किंगमध्ये साचलेल्या पाण्याचे फोटो आले. दोन्ही फोटो खरे! पुढचा रस्ता कोरडा होता आणि तळमजल्यात पाणी होतं. ही इमारत आधीही पाण्याखाली गेलेली, म्हणून पूर अडवणारी दारं बसवली होती. पाणी त्यांच्या काठाच्या जवळ आलं होतं, आत लोक असते तर वेगळाच अनर्थ झाला असता, असं ऑस्टीनचं म्हणणं.

मंगळवारी, २९ तारखेला चर्च उघडलं. गाद्या, कपडे, डायपरचे ढीग आत लागले. म्हणजे कुलूप लावून बसला हे खोटं, पण टीकेचा भडिमार झाल्यावर उघडलं हेही दिसतंच. तोवर जॉर्ज ब्राउन सेंटर या शहराच्या संमेलन केंद्रात पूरग्रस्त ५ हजारांची सोय असताना जवळपास दुप्पट माणसं कोंबली गेली होती. 'शहराने आम्हाला विचारलं नाही' हे ऑस्टीनचं उत्तर कायद्याने बिनचूक असेल, पास्टरच्या तोंडी ते भिकार वाटतं. पुरात तो आलिशान यॉटमधून पुस्तकं वाटत फिरला, हे जे काहींनी पुढे ढकललं, तो एका विडंबन संकेतस्थळाचा विनोद होता.

भिंतीतल्या पैशांचा आरोप मात्र धडधडीत उलटा आहे. मार्च २०१४ मध्ये चर्चच्या तिजोरीतून सुमारे २ लाख डॉलर रोख आणि ४ लाखांचे धनादेश चोरीला गेले. बातमी तेव्हाच जाहीर झाली, पोलीस आले, चोराचा माग देणाऱ्याला बक्षीस लागलं. नोव्हेंबर २०२१ मध्ये दुरुस्तीला आलेल्या प्लंबरने एक सैल झालेला कमोड काढला, मागच्या भिंतीतलं इन्सुलेशन सरकवलं आणि पाकिटांची रास खाली आली. पाकिटांत रोकड आणि धनादेश. पोलिसांनी धनादेशांवरच्या माहितीवरून हा माल २०१४ च्या चोरीशी जोडला. दात्यांच्या नावाचे धनादेश भिंतीत लपवून कुणाचा काळा पैसा जमतो?

कोविडचे ४४ लाख हे कर्मचाऱ्यांचे पगार चालू राहावेत म्हणून दिलेलं कर्ज होतं. ते परत करत असल्याचं चर्चने २०२१ मध्ये जाहीर केलं. अशी कर्जं अमेरिकेत हजारो चर्चनी घेतली. विषय संपला.

पगाराचं प्रकरण जरा निराळं. २००५ पासून तो चर्चकडून पगार घेत नाही. त्याआधी वर्षाला २ लाख डॉलर होता. रिव्हर ओक्ससारख्या श्रीमंत वस्तीतलं त्याचं घर पुस्तकांच्या कमाईचं, असं तो सांगतो, आणि २००४ पासून ती पुस्तकं लाखोंनी खपली आहेत. फॉरवर्डवाल्यांनी नेमकं इथे थांबून विचारायला हवं होतं: पुस्तकं खपतात कशामुळे? टीव्हीवरच्या चेहऱ्यामुळे. आणि टीव्हीचा खर्च कोण करतं? चर्च. मार्च २०१७ ला संपलेल्या वर्षात लेकवुडचं उत्पन्न ८ कोटी ९० लाख डॉलर होतं, बहुतेक सगळं भाविकांनी दिलेलं. त्यातले २ कोटी ५१ लाख टीव्हीवर गेले, शहरोशहरी होणाऱ्या 'नाइट ऑफ होप' कार्यक्रमांवरचा खर्च वेगळा. मिशन आणि समाजसेवेच्या रकान्यात १२ लाख. शंभरातले दीडसुद्धा नाहीत.

यात बेकायदा काही नाही. अमेरिकेत इतर धर्मादाय संस्थांना दरवर्षी 'फॉर्म ९९०' भरून जमाखर्च उघड करावा लागतो, चर्चना त्यातून सूट आहे. हा हिशेब बाहेर आला म्हणून ही वाटणी कळली. पुढच्या वर्षांची दाखवायची की नाही, हे चर्चच्या मर्जीवर.