सोया दुधात पाणी घालता का? गंगापूर रोडच्या दुकानाकडून उत्तर

नमस्कार ताई,

एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंय की दिवाळीपासून रोज आमचं सोया दूध पिताय, तरी पाळी गेल्यानंतर अंगातून निघणाऱ्या वाफा आणि रात्रीचा घाम जैसे थे. तुमच्या जाऊबाई इंदिरानगरच्या दुसऱ्या दुकानातून घेतात आणि त्यांना महिन्याभरात आराम पडला. म्हणजे 'गंगापूर रोडवाले नक्की पाणी घालतात'.

घालतोच की. एक किलो सोयाबीनला आठ लिटर. त्याशिवाय सोया दूध होतच नाही. निफाडकडचं सोयाबीन रात्री भिजत घालतो, पहाटे चोळून सालं काढतो आणि उकळत्या पाण्यातच दळतो. गार पाण्यात दळलं की तो कच्चट वास येतो, ज्यामुळे निम्मी नाशिककर मंडळी सोयाचं नाव काढलं की नाक मुरडतात. मग चोथा गाळायचा आणि दूध पुन्हा खळखळून उकळायचं. त्यानंतर थेंबभरही पाणी पडत नाही. पटत नसेल तर आमचं लिटरभर आणि जाऊबाईंचं लिटरभर उकळून दोन्हीत सारखंच लिंबू पिळा आणि फडक्यात बांधून ठेवा. पातळ दुधाचं पनीर कमी निघतं आणि नीट धरतही नाही. कुणाचं दूध कसं आहे ते ताटलीतच दिसेल.

आता वाफांचं. सोयाबीनमध्ये डेडझीन नावाचं द्रव्य असतं, त्याला साखर चिकटलेली असते. आतड्यात ती साखर सुटते आणि डेडझेइन उरतं. इथपर्यंत तुमचं, जाऊबाईंचं, माझं सारखंच. पुढचं काम मोठ्या आतड्यातले जिवाणू करतात. काहींच्या पोटात स्लॅकिया, अ‍ॅडलरक्रूट्झिया असल्या जीभ अडखळवणाऱ्या नावांचे जिवाणू असतात, ते डेडझेइनचं इक्वॉल करतात. पाळी जाताना इस्ट्रोजेन हे बायकांचं संप्रेरक कमी होतं, त्यातून या वाफा येतात. हे इक्वॉल शरीरातल्या इस्ट्रोजेनच्या जागी, कमी जोराने का होईना, जाऊन बसू शकतं. ज्यांच्याकडे हे जिवाणू नाहीत, त्यांनी कितीही सोया दूध प्यायलं तरी इक्वॉल तयार होत नाही. दूध चांगलं असून काय उपयोग, विरजणच नसेल तर दही लागणार कसं?

आणि असे लोक थोडेथोडके नाहीत. जपान, चीन, कोरियात साधारण निम्म्या किंवा थोड्या जास्त लोकांच्या पोटात इक्वॉल बनतं. युरोप-अमेरिकेत चारातल्या एकाच्या किंवा फार तर तिघांतल्या एकाच्या. पोटात एकही जंतू नसलेले उंदीर प्रयोगशाळेत वाढवतात, त्यांना सोया खाऊ घातलं तर इक्वॉल सापडत नाही. त्यामुळे हे काम जिवाणूंचंच, यात शंका नाही. जपानमध्ये तर तयार इक्वॉलच्या गोळ्याच विकतात.

हे सोयावाल्यांचं नवं खूळ नाही. १९३२ साली गाभण घोडीच्या लघवीत इक्वॉल सापडलं, माणसाच्या लघवीत १९८२ साली. मधल्या काळात, १९४० च्या दशकात, पश्चिम ऑस्ट्रेलियात क्लोव्हर नावाच्या चाऱ्याच्या कुरणांवर चरणाऱ्या मेंढ्या गाभण राहीनात, तेव्हाही शेवटी बोट याच्याकडेच गेलं. (दुकानदाराने हे सांगायचं नसतं म्हणे. पण मेंढीचं सगळं पोट त्याच चाऱ्याने भरलेलं असतं, आपण पितो ग्लासभर.)

तेव्हा जाऊबाईंच्या पोटात ते जिवाणू असतील, तुमच्या नसतील, असं होऊ शकतं. त्यांना आराम वेगळ्याच कारणाने पडला असेल, असंही होऊ शकतं. या वाफा आपोआपही कमी होतात आणि सोयावरच्या अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. म्हणून तर आमच्या पाटीवर प्रथिनांपलीकडे काही लिहिलेलं नाही. तुम्ही जोडलेलं 'पाळीनंतरचा त्रास पळवा' हे चित्र व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतंय, ते आमचं नाही. 'मग रोज दही खाऊ का' असंही तुम्ही विचारलंय. जरूर खा, पण दह्यातले नेहमीचे जिवाणू हे काम साधारणपणे करत नाहीत.

एक गोष्ट मात्र आजच बदला. तुम्ही लिहिलंय की सकाळी उठल्या उठल्या थायरॉईडची गोळी आमच्या दुधासोबतच घेता. सोयामुळे ती गोळी अंगात नीट शोषली जात नाही. गोळी पाण्यासोबत घ्या आणि दुधात किती तासांचं अंतर ठेवायचं ते तुमच्या डॉक्टरांना विचारा. इतके दिवस दोन्ही सोबत घेतलंत, हेही त्यांना सांगा, म्हणजे रक्त तपासायचं का ते ते ठरवतील. दुधाचं राहू द्या, हे आधी करा.

उरलेल्या कुपनांचे पैसे परत हवे असतील तर सकाळी अकराच्या आत दुकानात या. त्यानंतर मी सातपूरला माल पोचवायला गेलेली असते.