मढ्याच्या टाळूवरचे दगड

समृद्धी महामार्ग झाल्यापासून आपल्याला नाशिककरांना नागपूर हाकेच्या अंतरावर आलंय. सकाळी तर्री मारके मिसळ हाणायची, सिन्नरपाशी गाडी वर चढवायची, की दुपार कलायच्या आत विदर्भ. तेव्हा एकदा काटोल रस्त्यावरच्या जुनापाणीला जाऊन याच. तिथल्या माळावर दगडांची तीनशेच्या आसपास वर्तुळं आहेत. लोहयुगातल्या माणसांची ही दफनं. अडीच-तीन हजार वर्षं जुनी आहेत म्हणून लगेच दबून जायचं कारण नाही.

पोचल्याबरोबर कमरेवर हात ठेवून मोठ्याने म्हणा, "एवढंच?" मग सगळ्यात मोठी शिळा हेरून तिच्यावर उभं राहा आणि फोटो काढा. काही शिळांवर ओळीने कोरलेले छोटे गोल खळगे दिसतील. मावा थुंकायला सोय केलीय असं समजा.

वर्तुळाच्या आत गोटे आणि माती भरलेला उंचवटा असतो, चादर तिथेच अंथरा. खाली कोण झोपलंय याची पंचाईत नको. रिव्हेट-कार्नाक या इंग्रज अधिकाऱ्याने ती करून १८७९ साली छापलीसुद्धा. अशा दफनांत लोखंडी खंजीर, कुऱ्हाडी, घोड्याचे लगाम, काळी-तांबडी मडकी निघतात. जवळच्या माहुरझरीला तर घोडाही पुरलेला सापडला, तोंडावर तांब्याचा साज चढवून. (आपल्याकडे म्हातारा गेला की आधी लॉकरची किल्ली शोधतात, पण ते असो.)

निघताना एखादा गुळगुळीत गोटा पिशवीत टाका. संरक्षित स्मारकाला हात लावला तर दोन वर्षांपर्यंत कैद, लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, असं कायदा म्हणतो. पण ढिगातला एक गोटा कोण मोजतंय?

आमच्या गटातल्या एका काकांनी हेच केलं. त्याच काकांनी त्याआधी ब्रह्मगिरीच्या वाटेवर, गंगापूर रोडला टू-बीएचके व्हावा म्हणून पाच चिपा एकावर एक रचल्या होत्या. माझा पाय लागून त्या पडल्या, तर त्र्यंबकपासून सीबीएस स्टँडपर्यंत माझ्याशी चकार शब्द बोलले नाहीत. लोकांच्या श्रद्धेची काही किंमतच नाही म्हणे तुम्हाला!

जुनापाणीचा गोटा आता त्यांच्या गॅलरीत, तुळशीच्या कुंडीत आहे. कामाला येणाऱ्या मावशींना त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलंय, "झाडताना तो तेवढा हलवायचा नाही हं."