भाडेकरूच्या नावाची पाटी

सोलापूरच्या पेठांमधला जुना वाडा पाडायला निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं. "कलाकार राहायचे म्हणे इथं, पण ते भाड्यानं!" आता ह्या 'भाड्यानं'ला काय म्हणावं? उताऱ्यावर नाव नाही, म्हणजे माणूस राहिलाच नाही की काय?

लंडनमधलं ८७, हॅकफोर्ड रोड हे घर बघा. चाळीसारखं ओळीत उभं असलेलं साधं घर. १८७३ मध्ये व्हॅन गॉग तिथं खोली घेऊन राहिला. वय २०, नोकरी गुपिल नावाच्या चित्रविक्रेत्यांकडे. स्वतः चित्रकार व्हायला अजून अवकाश होता. घरमालकीणबाईंच्या मुलीवर त्याचा जीव जडला होता, असंही सांगतात. (भाडेकरू आणि मालकाची मुलगी, हे तिकडंही सुटलं नाही म्हणायचं!) वर्षभरात त्यानं बिऱ्हाड हलवलं. पुढं जवळजवळ शंभर वर्षं हा पत्ता विस्मरणात गेला. १९७१ च्या टपाल संपात हाताला काम नसलेल्या एका चित्रवेड्या पोस्टमननं जुने कागद धुंडाळून तो शोधला. १९७३ मध्ये भिंतीवर निळी पाटी लागली, नामवंत राहून गेलेल्या घरांना लंडनमध्ये लावतात ती. वर्षभराच्या भाडेकरूची पाटी.

आपल्याकडं डॉ. कोटणीसांचं भैय्या चौकातलं घर महापालिकेनं स्मारक म्हणून राखलं. उत्तमच केलं. वारदांची इंद्रभुवन ही जुनी इमारत टिकली, कारण तिथं महापालिकाच बसते. पण शाहीर राम जोशी? तेही इथलेच. तमाशाच्या नादापायी भावानं त्यांना घराबाहेर काढलं, अशी कथा आहे. घरातूनच काढलेल्या माणसाचा उतारा कुठून आणायचा?

आणि प्रा. श्रीराम पुजारींचं घर. भीमसेन जोशी, कुमार गंधर्व अशी मंडळी तिथं उतरायची. शाळकरी जब्बार पटेल त्याच घरात राहून शिकले. 'घाशीराम', 'सामना' हे सगळं फार नंतरचं. पाहुणे आणि शिकायला ठेवलेला मुलगा, यातलं कुणीच मालक नव्हे. माझ्या मते पाटीवर पुजारी सरांच्या बरोबरीनं इथं मुक्काम केलेल्यांची नावंही हवीत.

वाडा पाडताना आधी सागवानी तुळया उतरवतात, मग दारं, मग माळवदाची माती ट्रॉलीत. शेजारच्या भिंतीवर अर्धी देवळी काही दिवस दिसते, दिव्याच्या काजळीसकट. पुढं गिलावा होतो आणि 'अमुक रेसिडेन्सी' उभी राहते.

मालकांची भीती मला कळते. पाटी लागली की परवानगी अडकेल, बिल्डर पळेल. घरात चार भाऊ, वाटण्या रखडलेल्या, त्यांना वारसा-बिरसा सांगून काय उपयोग? पण लंडनच्या निळ्या पाटीनंही घराला कायद्याचं संरक्षण मिळत नाही. पहिलीच पाटी १८६७ मध्ये कवी बायरनच्या जन्मघराला लागली आणि १८८९ मध्ये ते घर पाडलं गेलं. तेव्हा मालकांनी निर्धास्त राहावं. वाडा पाडायचा तर पाडा, पण नव्या इमारतीच्या गेटवर, पार्किंगच्या सूचनेशेजारी, कोण कधी राहिलं एवढ्या दोन ओळी लिहा. चौकातल्या वाढदिवसाच्या एका फ्लेक्सइतकीही जागा लागणार नाही.