गोल्ड नाही म्हणून चॅम्पियन नाही? ग्रेटे वाइट्झवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

दादा, आधी थँक्स. नॉर्वेची धावपटू ग्रेटे वाइट्झवरचा माझा एवढा मोठा लेख पूर्ण वाचून मग भांडलात, आजकाल लोक हेडिंग वाचूनच सुरू होतात. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की ग्रेटेने न्यूयॉर्क मॅरेथॉन नऊ वेळा जिंकली यात कौतुक कसलं, तेव्हा बायका धावायच्याच किती, ऑलिंपिक गोल्ड तर नाहीच, आणि ८४ च्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेची जोन बेनॉइट पुढे निघून गेली तेव्हा ही नुसती बघत बसली.

गोल्डचं आधी घेते. अहो, मिळणार कुठून? ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन आली तीच १९८४ ला. त्याआधी बायकांना सगळ्यात लांबची रेस १५०० मीटर, तीसुद्धा १९७२ पासून. ग्रेटे म्युनिक आणि माँट्रियलला तीच धावली. ३००० मीटरचा वर्ल्ड रेकॉर्ड तिच्या नावावर होता पण ती रेस ऑलिंपिकमध्ये नव्हतीच, आणि १९८० ला नॉर्वेने मॉस्कोवर बहिष्कार टाकला. म्हणजे ऐन भरातली वर्षं अशी गेली आणि आपण इथे बसून विचारतोय गोल्ड कुठंय.

गर्दी कमी होती हे १९७८ पुरतं, म्हणजे तिच्या पहिल्या न्यूयॉर्कपुरतं खरंय. पण त्या रेसमध्ये तेव्हाची मॅरेथॉनची वर्ल्ड रेकॉर्डवाली जर्मन क्रिस्टा फालेनझीक होती ना! ग्रेटे ऑस्लोची शाळेतली टीचर, तिला एंट्री दिली ती सुरुवातीला पुढे पळून बाकीच्यांना पेस (वेग) लावून देईल म्हणून, आणि तोवर ट्रेनिंगमध्ये ती २० किलोमीटरच्या पुढे फारशी गेलीच नव्हती. रस्त्यावर पाट्या मैलांच्या, हिला सवय किलोमीटरची, त्यामुळे किती राहिलंय ते कळेना, पाय भरून आले, आणि नवऱ्याने भरीस घातलं म्हणून त्याच्यावर मनातल्या मनात चिडत ती पळत राहिली. फिनिशला २:३२:३० (तास, मिनिटं, सेकंद), जुना रेकॉर्ड दोन मिनिटांहून जास्त फरकाने मोडला, आणि बाईने शूज काढून नवऱ्याच्या अंगावर फेकले की परत हा मूर्खपणा करणार नाही! (पुढच्या वर्षी परत आली, २:२७:३३.)

आणि नंतर गर्दी कमी कुठे होती? १७ एप्रिल १९८३ ला तिने लंडनला २:२५:२९ मारून वर्ल्ड बेस्टची, म्हणजे तेव्हाच्या सगळ्यात जलद वेळेची बरोबरी केली, तर दुसऱ्याच दिवशी बॉस्टनला बेनॉइटने २:२२:४३ काढलं. एक दिवससुद्धा टिकू दिलं नाही. त्याच वर्षी, म्हणजे आपली पुणे मॅरेथॉन सुरू झाली त्या वर्षी, हेलसिंकीच्या पहिल्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये ग्रेटेने दुसरीला तीन मिनिटं मागे टाकून गोल्ड घेतलं. हे तुम्ही सोयीस्कर गाळलंत हां.

आता लॉस एंजेलिस, म्हणजे ८४ चं ऑलिंपिक. बेनॉइट पाचेक किलोमीटरलाच सुटली. ऑगस्टचं ऊन, त्यात तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन १७ दिवसांत तिने अमेरिकेच्या टीमची निवड ट्रायल दिलेली, त्यामुळे ही पुढे दमणार असा मागच्या सगळ्यांचाच हिशेब होता. पोर्तुगालची रोझा मोटा आणि नॉर्वेचीच इंग्रिड क्रिस्टियान्सेनपण मागेच होत्या की, मग बघत बसली ती एकटी ग्रेटेच कशी? बेनॉइट दमली नाही, त्या दिवशी ती सरस होती, विषय संपला. ग्रेटे १ मिनिट २६ सेकंदांनी दुसरी. वेताळ टेकडीवरच्या तुमच्या ग्रुपमध्ये सिल्व्हरला हरणं म्हणत असतील तर माझा नाइलाज आहे.

२०२४ च्या २:०९:५६ या बायकांच्या वर्ल्ड रेकॉर्डशी तुलना मात्र राहू द्या, ती वेळ कार्बन प्लेटवाल्या (पाय पुढे ढकलणाऱ्या) शूजच्या जमान्यातली आहे.

आणि १९८८ चं बघा. सोल ऑलिंपिकला गुडघ्यामुळे रेस अर्धवट सोडावी लागली, तेव्हा ती ३४ वर्षांची होती, लोकांनी संपली म्हणून टाकलं असेल, आणि त्याच नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्क जिंकली, नववी. मला तर हीच सगळ्यात भारी वाटते, पहिलीपेक्षाही.

ललिता बाबरवर लिहा म्हणालात ते एकदम मान्य. मुंबई मॅरेथॉनला भारतीय बायकांत सलग तीनदा पहिली येऊन मग स्टीपलचेसकडे (अडथळे आणि पाण्यावरून उड्या मारत धावायची रेस) वळली आणि रिओ ऑलिंपिकला फायनल गाठली, त्यावर पुढचा लेख. तेव्हा पण या भांडायला.