खुलासा: ‘विरघळणारा स्टेंट आला, धातूचा काढून टाका’ हा संदेश चुकीचा

हृदयाच्या धमनीत विरघळून जाणारा स्टेंट (अरुंद झालेली धमनी उघडी ठेवणारी जाळीदार नळी) आला असून त्यात धोका शून्य आहे, धातूचा स्टेंट असलेल्यांनी तो काढून घ्यावा, असा संदेश फिरतो आहे. विरघळणारा स्टेंट खरा आहे, बाकीचे नाही.

पॉलिलॅक्टिक आम्ल या प्लास्टिकसारख्या पॉलिमरपासून बनलेल्या ‘अ‍ॅब्सॉर्ब’ स्टेंटला अमेरिकेत २०१६ मध्ये परवानगी मिळाली. २०१७ मध्येच कंपनीने त्याची विक्री थांबवली. मोठ्या चाचणीत तीन वर्षांत स्टेंटमध्ये गुठळी होण्याचे प्रमाण धातूच्या स्टेंटमध्ये ०.७ टक्के, तर यात २.३ टक्के आढळले. पॉलिमर धातूइतका मजबूत नसल्याने त्याच्या जाळीच्या काड्या सुमारे दीडशे मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड ठेवाव्या लागल्या, म्हणजे आधुनिक धातूच्या स्टेंटच्या जवळपास दुप्पट. जाड काडीभोवती रक्तप्रवाह अडखळतो. शिवाय विरघळताना सांगाडा विस्कटून एखादा तुकडा आत झुकला, तर तिथेच गुठळी धरते. संदेश लिहिणाऱ्याने नेमका हाच भाग गाळला आहे.

पदार्थ शरीराला मानवणे वेगळे आणि तो योग्य वेगाने विरघळणे वेगळे. विरघळणाऱ्या स्टेंटसाठी वापरला जाणारा दुसरा पदार्थ म्हणजे मॅग्नेशियम हा धातू. मॅग्नेशियम शरीराला चालते, पण फार वेगाने झिजले तर हायड्रोजन वायू साठतो. म्हणून संशोधन मिश्रधातू आणि लेपांवर चालू आहे. गुडघ्याखालच्या धमन्यांसाठी पातळ काड्यांच्या विरघळणाऱ्या स्टेंटला २०२४ मध्ये अमेरिकेत परवानगीही मिळाली.

आणि बसवलेला धातूचा स्टेंट काढायचा नसतो. काही महिन्यांत त्यावर धमनीचे अस्तर चढते. संदेश वाचून रक्त पातळ करणारी गोळी मात्र परस्पर बंद करू नका.