बागेत चौघी, वर्गात आम्ही

चित्र बघायला माझी ना नाही. बघून झाल्यावर ‘काय वाटलं?’ असं विचारतात, तिथे माझं घोडं पेंड खातं. ‘छान आहे’ म्हटलं की लोक असे बघतात, जणू मी बासुंदीत लोणचं कालवलं.

तरी बायकोने चित्ररसास्वाद वर्गात माझं नाव घातलंच. पडद्यावर आलं फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेचं ‘बागेतल्या स्त्रिया’. भर उन्हातली बाग, मध्ये झाड, डावीकडे तिघी. एक छत्री घेऊन खालीच बसलेली, पांढऱ्या झग्याचा घेर ऐसपैस पसरून. (हा झगा धुणार कोण, हा माझ्या मनात उमटलेला पहिला भाव.) दुसरीने फुलांचा गुच्छ नाकापर्यंत धरलेला, डोळे तेवढे वर. उजवीकडे लाल केसांची चौथी, आपल्याकडे पाठ करून निघालेली.

“भाव सांगा,” सर म्हणाले.

“प्रत्येकीचं एकाकीपण वेगळं आहे,” पुढच्या रांगेतले झब्बेवाले काका डोळे मिटून म्हणाले. चित्र बघायला आलेला माणूस डोळे का मिटतो, कोण जाणे.

“भांडण झालंय,” शेजारच्या मावशी माझ्या कानाशी पुटपुटल्या. “ती चौथी तरातरा निघालीय. आणि ही गुच्छवाली तोंड लपवून हसतेय बघा.”

मला हे शंभर टक्के पटलं. पण तेवढ्यात सरांनी मलाच उभं केलं.

“ऊन फार आहे,” मी म्हणालो.

सर खूश! म्हणे मोनेला तेच तर रंगवायचं होतं. पांढऱ्या झग्यावर पडलेली सावलीसुद्धा काळी नाही, निळसर आहे. 1866 साली आठ फुटांहून उंच कॅनव्हास त्याने उघड्यावर उभा केला. वरचा भाग रंगवताना नजरेची जागा बदलू नये म्हणून जमिनीत चर खणला आणि कॅनव्हास कप्पीने खाली उतरवला. एवढं करून 1867च्या सलोंने, म्हणजे पॅरिसच्या अधिकृत चित्रप्रदर्शनाने, चित्र नाकारलं. शेवटी बाझीय या चित्रकार मित्राने ते 2500 फ्रँकला घेतलं, महिना 50 फ्रँकच्या हप्त्याने. असा मित्र मला नाही. असता तरी मला चित्र काढता येत नाही.

“आणि डावीकडच्या तिघींसाठी एकटी कामीय उभी राहिली होती,” सर म्हणाले, “मोनेची होणारी बायको.”

काकांनी डोळे उघडले. “म्हणजे एकाच स्त्रीची तीन एकाकीपणं! मी तेच म्हणत होतो.”

“मग भांडण त्याच्याशीच झालंय,” मावशी आता मोठ्याने म्हणाल्या. “एवढ्या उन्हात तीन-तीनदा कपडे बदलायला लावल्यावर होणार नाही तर काय?”